आकडा

ऑफिसनं यादी दिली : सात घरं,
वापर संशय यावा इतका कमी.
ओब्दुलिया बार्रासा, गल्ली चौदा. नावापुढं लाल खूण.
साहेब म्हणाले, आकडा टाकलेला असणार, एवारिस्तो,
मागच्या बाजूनं बघ.

मेहिकालीत जुलै महिन्यात
मीटरच्या पेटीचं झाकण फडक्याशिवाय उघडत नाही.
कुत्री गाड्यांखाली, सावली सरकेल तशी सरकतात.
गल्लीतल्या भिंतीभिंतीवर एकेक यंत्र घुरघुरतं,
आतली आग उचलून
बाहेर माझ्या तोंडावर टाकतं.
आणि पेट्यांमधली चक्रं गरगर, गरगर.
हिच्या पेटीतलं मात्र
बाजारातून परतणाऱ्या बाईसारखं चाललेलं,
थांबत, पिशवी या हातातून त्या हातात घेत.

सोळा वर्षं वायरी हुंगतोय मी.
भिंतीत पुरलेल्या, वेलीत गुंडाळलेल्या,
एकदा तर कोनाड्यातल्या संताच्या पायांखालून नेलेली.
इथं काहीच नाही.
शिडी लावून वर चढलो
आणि डोळे आपोआप मिटले.
आख्खं छप्पर पांढरं.

"बूट काढ!" खालून ओरडली ती,
"कालच दुसरा हात दिलाय."
दुपारचे दोन. सिमेंटचं छत.
माझ्या घराचं छत मी स्वतः डांबरानं काळं केलंय,
त्याच्यावर या वेळी टोमॅटो भाजून निघेल.
काढले बूट, शिव्या घालत.
गरम होतं,
पण उभं राहता येत होतं.

चुना, ती म्हणाली, आणि मूठभर मीठ.
फड्या निवडुंगाचे पंजे चिरून रात्रभर भिजत घालायचे,
सकाळी त्या बुळबुळीत पाण्यात चुना कालवायचा.
प्रमाण? हाताला कळतं.
पहिल्या खेपेला नव्हतं कळलं, पोपडे आले,
शेजारचा उबाल्दो पोट धरून हसला.
आता भांडायला येतो :
तुझ्या छपराची तिरीप माझ्या टीव्हीवर पडते.

आत गेलो. अंधार,
आणि अंधाराला माठाचा वास.
पश्चिमेची खिडकी जुन्या गादीनं बुजवलेली,
गादीवर अजून कुणाच्या तरी अंगाचा खळगा.
(विचारलं नाही.)
दारांच्या फटींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या,
इतक्या नेटक्या, की दार मिटताना उसासा टाकतं.
मुलानं सीमेपलीकडून धाडलेलं यंत्रही आहे,
चालतंही, दोन ते चार.
"गारवा विकत आणायचा," ती म्हणाली,
"आणि फटीफटीतून गल्लीला वाटत बसायचं?
एवढी काही मी दानशूर नाही."

जास्वंदीचं सरबत दिलं तिनं, साखर कमी पडलेलं.
पाठीला चिकटलेला शर्ट हळूहळू सुटला.
कितीतरी वेळानं लक्षात आलं,
मी बसलोय,
आणि कुठलंच यंत्र घुरघुरत नाहीये.
दोन वाजून गेले होते. चालू करायला ती विसरली होती,
की मी आलो म्हणून काटकसर दाखवत होती,
देव जाणे.

फॉर्मवर शेवटचा रकाना : कारण.
त्यात तीनच चौकोन.
चोरी. मीटर नादुरुस्त. घर बंद.
पेन हातात धरून बसून राहिलो.
काय लिहू, म्हटलं, बाई?
तिनं चष्मा शोधला, तिन्ही चौकोन वाचले,
बोट ठेवलं.
"घर बंद लिही," म्हणाली,
"उन्हाला."

असं कुठं लिहितात का.
मी चौथा चौकोन आखला, वाकडातिकडा,
त्याच्यापुढं काही सुचलं नाही,
ते तसंच ऑफिसात जमा केलं.
पण ते संध्याकाळी.
त्याआधी पुढच्या घरी गेलो, पेटी उघडली,
आणि बराच वेळ आकडेच दिसेनात,
डोळ्यांत अजून तिचं छप्पर होतं.