डोळे आले

लग्नाचे फोटो काढतो मी.
नागभीड ते सिंदेवाही, मधले बहुतेक मांडव माझे.
सतरा वर्षं एकच वाक्य बोलत आलो:
डोळे मिटले, पुन्हा एकदा.
नवरी मिटते. नवरदेवाचा मामा तर हमखास.
चाळीस माणसांच्या ग्रुप फोटोत
एक तरी पापणी खाली असतेच,
आणि ज्याची असते
तोच अल्बम पाहताना भांडतो.

घोणशीला पापणीच नाही.
हे कळलं ते धानाच्या कापणीनंतर,
बांधीतल्या खुंटांवर पोटभर पसरून,
लेन्सचे तीन हप्ते बाकी असताना.

रुपचंद नैताम साप धरतो. धरतो आणि सोडतो,
मधे चहासुद्धा घेत नाही.
त्यानं सागाच्या काडीनं मातीत रेघ ओढली:
"याच्या आत तू नाही, तुया लेन्स नाही,
तुयी सावली बी नाही. फ्लॅश तं काढूनच ठेव बापा."

ती तणसाच्या कडेला,
गुंडाळून ठेवलेल्या कासऱ्यासारखी.
पाठीवर तपकिरी कड्यांची साखळी,
आणि आवाज?
शिट्टी अडकलेला कुकर.
घरी असा आवाज झाला तर मी धावत जाऊन गॅस बंद करतो.
इथे फक्त श्वास बंद करता आला.

"पाहून रायली का गा मले?"
"पाहून नाही, आयकून रायली.
जमिनीतून तुये ठोके आयकून रायली ते."

रात्री दुकानात फोटो मोठा केला.
पिवळ्या डोळ्यात उभी चीर,
चिरेच्या बाजूला उलटं झालेलं आभाळ,
आभाळाखाली ढेकळाएवढा कोणीतरी
तोंडासमोर काळं काहीतरी धरून पडलेला.
मी.
त्यानंतर पाहिलं तर सगळ्यांतच होतो.
धामणीत होतो, गवत्यात होतो,
सुपारीच्या खांडाएवढ्या डोळ्याच्या कवड्यातसुद्धा
तिळाएवढा का होईना, होतोच.
बायको म्हणाली, एवढे फोटो स्वतःचे
तुम्ही आपल्या लग्नातही काढले नाहीत.

मग पौषातली ती.
बोडीच्या पारीवर, उन्हाला आलेली.
रंग मळका, जुन्या चादरीसारखा.
रेघेपलीकडे मी चांगला हललो, खोकललो,
ती जागची ढळली नाही. मला वाटलं, सवय झाली हिला आपली.
(सवय मलाच झाली होती.)
अकरा फोटो घेतले. इतक्या जवळून कधीच नाही;
खरं सांगायचं तर कोपर रेघेच्या आत होतं.

रुपचंदनं मागून माझा पाय ओढला.
माणसाला ओढतात तसा नाही,
विहिरीत वाकलेल्या पोराला ओढतात तसा.
"बस कर. कातीवर आली ते.
डोयावर बी कात चढते तिच्या.
दिसत नाही सद्या काहीच."

तो पुढे काही बोलला नाही. तणसाचा एक पेंढा
तिच्या आणि वाटेच्या मधे ठेवला
आणि मोटरसायकल लोटत नेली, चालू न करता,
पार डांबरी सडकेपर्यंत.

त्या अकरांतला एक दुकानात लावलाय,
हळदीच्या आणि बारशाच्या फोटोंच्या मधे.
निळसर डोळा, दुधात नीळ पडल्यासारखा.
त्यात चीर नाही, आभाळ नाही.
कितीही मोठा केला तरी
त्यात मी नाही.

परवा पासपोर्ट फोटोला एक पोरगा आला,
आठवीतला, केसाला भरपूर तेल.
स्टुलावर बसून त्या भिंतीकडेच पाहत राहिला.
"भाऊ, हिचे डोये आले काय?"

मी कॅमेरा खाली घेतला.
"येतील," म्हटलं,
"चार-पाच दिवसांत."