दहा परार्ध

ओक रिजच्या टेकडीवर आमचं घर,
युद्धाच्या घाईत बांधलेलं,
अक्षरानं ओळखलं जाणारं: 'बी'.
खाली दरीत, चार फाटकांपलीकडे,
ते यंत्र.
त्याला पाणी पाजायचं, हे माझं काम.
त्याची आकडेमोड मला कळत नाही.
पंप कळतात. आत जाताना पाणी किती कोमट,
बाहेर येताना किती कढत,
आणि तिसऱ्या व्हॉल्व्हची शीळ.

शेजारच्या डार्लीनचा नातू, कोडी, वय वर्षं नऊ,
आमच्या स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारतो,
"ह्याच्यापेक्षा किती पट?"

जुना आहे तो. सुरू होताना खोकतो.
पंखा घरघरला की वृंदा त्याच्यावर हात ठेवते,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी मांडलं.
हा, फार जोर लावलाच तर, सेकंदाला एक निखर्व गणितं.
ते, दहा परार्ध.
शून्याला शून्य खोडत गेलो. उरली सात.
कोटी पट.
कोडीला कोटी कळेना, म्हणून दिवसांत सांगितलं:
तिथलं एका सेकंदाचं काम
ह्याला आज, चौदा डिसेंबरला, दिलं
तर हा एकशेपंधरा दिवस, सतरा तास,
शेहेचाळीस मिनिटं, चाळीस सेकंद राबेल,
न झोपता, न खोकता.
नऊ एप्रिलची सकाळ होईल. दारातला डॉगवुड फुललेला असेल.
"तेव्हा मी दहा वर्षांचा असेन," कोडी म्हणाला
आणि दोन बिस्किटं घेऊन गेला.

दहा परार्ध अशासाठी
की आपल्या शाळेतली मोजणी परार्धाला संपते.
पुढे नाव नाही.
मोजणाऱ्यांना वाटलं असेल,
इथवर कोण येतंय.

संध्याकाळी वृंदा कॉम्प्युटरसमोर बसते.
ऑगस्टपासून तिचे शब्द आत कुठेतरी अडकलेत.
नॉक्सव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रोग्रॅम दिलाय.
चित्र येतं, खाली उभी रेघ मिचकावत थांबते.
चमचा.
ती बघते. ओठ जुळतात, सुटतात.
'च' उंबऱ्यापर्यंत येतो, माघारी जातो.
अकरा सेकंद.
खाली दरीत एकशेदहा परार्ध,
तेही माझ्याच पाण्यावर.
मला पहिल्यांदाच त्या यंत्राचा राग आला.
राग कसला, बावळटपणा.
त्यानं काय तिच्या तोंडचा शब्द पळवलाय?

काहीतरी बोलायचं म्हणून मी पुटपुटलो, "एकं, दहं,"
आणि ती, हातानं मला गप्प करत,
"शतं सहस्र दशसहस्र लक्ष दशलक्ष कोटी दशकोटी
अब्ज खर्व निखर्व महापद्म शंकू
जलधी अंत्य मध्य परार्ध"
एका दमात, तिसरीच्या वर्गातल्या हेलात,
कुठे ठेच नाही,
जलधीला मान जराशी डावीकडे.
मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.
किती सेकंद लागले, ते बघायचं राहूनच गेलं.

पाठांतराची वाट डोक्यात वेगळी असते,
डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
त्यावरून फार आशा धरू नका.
बरं.

पण फोन ठेवेपर्यंत
वृंदानं चित्राकडे पुन्हा पाहिलं होतं.
म्हणाली, "पळी."
कॉम्प्युटरनं लाल फुली मारली.
त्याला चमचा हवा होता, तोही इंग्रजीत.
फुली पुसता येत नाही, मी शोधून पाहिलं.
आमटी गॅसवर होती. पळी तिच्या हातात दिली.
तिनं आधी मला वाढलं,
मग पळी त्या पडद्यासमोर धरली,
बघ म्हणून.

उद्या पहाटे पाचची पाळी.
तिसरा व्हॉल्व्ह बघायचाय.