स्वादुपिंड

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे काढून दाखवलं,
जठराच्या आड निजलेलं,
सोललेल्या कणसासारखं काहीतरी.
म्हणाले, याला सूज आली आहे. अचानक, आणि बरीच.
नाव काय याचं?
पॅनक्रिआज. मराठीत स्वादुपिंड.

स्वादु.
आणि पिंड.
एकाच शब्दात माझं दुकान आणि माझा दहावा.

हसू आलं, आणि हसताना कळ,
पोटातून घुसून पाठीत निघालेली,
गोणी शिवायचा दाभण असावा तशी.
पुढे वाकलं की जरा बरं,
म्हणून वाकून बसले,
परातीपुढे बसते तशी, परातीवाचून.

रात्री अडीचला ओवा चावला होता,
तीनला सोडा, साडेतीनला देवाचं नाव,
चारला तांडेलांची रिक्षा.
कोपरखैरणे ते वाशी
एकेक गतिरोधक मला भेटून गेला.

पिता का?
आधी डॉक्टर, मग सिस्टर, मग फॉर्म भरणारा पोरगा.
चहा, म्हटलं.
विम्याच्या माणसानं पुन्हा विचारलं, आवाज बारीक करून,
जणू माझं लफडंच बाहेर पडणार होतं.
नणंदेनं विचारलं नाही.
तिनं नुसतं माझ्या हातांकडे पाहिलं, थरथरतात का.

सोनोग्राफीनं अब्रू राखली.
पित्ताशयात चार खडे, बाकी वाळू.
एक निसटला, तोंडाशी अडकला,
आणि जो रस अन्न पचवायचा
तो घरातच तुंबून घरालाच पचवायला लागला.

खडे.
बाबा पारसिकच्या खाणीत खडी फोडायचे.
शर्ट झटकला की दारात ढग.
भाकरीत कचकन लागलं की आई म्हणायची,
गीळ, पोटात जागा आहे.
खाण केव्हाच बंद झाली.
इथून, पाचव्या मजल्यावरून, डोंगराची ती बाजू दिसते,
टाके न घालता सोडून दिलेली.
मी तिला म्हणते, तुझं थोडं राहिलंय माझ्याकडे.

पलंगाला पाटी : तोंडाने काही देऊ नये.
पाणीसुद्धा नाही. ओठांना ओला कापूस.
बावीस वर्षं रोज चारशे पोळ्या,
आणि माझं जेवण आता दांडीला टांगलेलं.
सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी, जिन्सी सिस्टर सांगते.
असेल. जिभेला न विचारता जातं.

शेजारच्या फिलोमिनाबाई म्हणाल्या,
माझ्या भावाला हेच झालेलं.
पुढे बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.
दोघी पंख्याकडे बघत राहिलो.

रोज सकाळी लायपेजचा आकडा विचारते,
मार्केटात कांद्याचा भाव विचारावा तसा.
अठराशे. मग चौदाशे. मग पुन्हा पंधराशे,
त्या दिवशी कुणाशी बोलले नाही.
सहा आठवड्यांनी पित्ताशय काढायचं.
आणि तेलकट? कायमचं बंद?
डॉक्टर म्हणाले, बघू.
या "बघू"ला उलटून पालटून पाहिलं रात्रभर,
कुठल्या बाजूनं भाजलाय ते कळेना.

अकराला फोन येतो. कस्तुरी, केंद्रावरून.
आई, आमटी.
कढईजवळ धर फोन.
तेल तापल्याचं ऐकू येत नाही,
मोहरीचं येतं. एक. दोन. मग सगळ्या.
थांब. अजून थांब. आता हिंग.
कढीपत्ता टाक आणि मागे सरक.
सिस्टर नाडी मोजायचं विसरून उभी.
तोंड माझं कोरडं ठणठणीत,
पाणी सुटतं ते कानाला.

सहाव्या दिवशी पेज. दोन चमचे, तूप नाही.
नणंद, सिस्टर, फिलोमिनाबाई,
सगळ्यांचे डोळे माझ्या पोटावर.
दुखतंय का? दुखतंय का हो?
मी बोट वर करून त्यांना गप्प केलं,
घोट जिभेवर फिरवला, सावकाश उतरवला.

मीठ कमी आहे.
आणि तांदूळ जुना.