मागीलदार

पेंडवेळला जायचं तर आधी फॉर्म भरावा लागतो.
'कारण' या रकान्यात आत्यानं मला लिहायला लावलं : माहेर.
कारकुनानं ते खोडून 'धार्मिक' केलं
आणि शिक्का मारला.

खाडी ओलांडताना होडीवाला काही बोलला नाही.
कड्यावरचा लाल बावटा उतरवलेला,
म्हणजे आज गोळी नाही.
वर्षातून एक दिवस, दहा ते तीन.

गाव उठलं तेव्हा मी दीड वर्षाची होते.
त्यामुळे आठवण नाही, नुसती ऐकीव माहिती :
पाखाडी, रहाट, रापण सुकवायची जागा.
पाखाडी होती. रहाटाच्या जागी टायर.
रापणीच्या जागेवर पुठ्ठ्याची माणसं उभी,
छातीवर वर्तुळं,
एकाच्या डोक्यावर बसून खंड्या
पाण्याकडे बघत होता.

घरांवर नंबर. ग्रामपंचायतीचे निळे, विरलेले,
त्यांच्यावर चुन्यानं काढलेले मोठे, इंग्रजी.
पेडणेकरांचं घर बी-फोर.
दाऊदचाचांचं दुकान 'दवाखाना'.
शाळा 'शत्रूचं मुख्यालय'.
आत्या म्हणाली, शाळेचं बरोबर आहे.

सोबत दिलेला जवान, लान्सनायक नौटियाल,
बावीस-तेवीसचा, पुढे चालत होता
आणि मागे न बघता सांगत होता :
इथं वाका, तुळई खाली आलीय.
डावीकडून या, विहिरीला कठडा नाही.
आमच्या घरापाशी म्हणाला,
सात पायऱ्या. पाचवी लंगडी.
रात्री मी तिच्यावर पाय देत नाही.

आत्या थांबली.
“ती आज्यान फोडल्यान. जातां पडलां हातातसून.”
मी त्याला हिंदीत सांगितलं.
त्यानं पाचव्या पायरीकडे पुन्हा बघितलं,
रोजच्या ओळखीतल्या माणसाचं आडनाव
फार उशिरा कळावं तसं.

या घरात तो एकोणीस वेळा शिरलाय.
मी पहिल्यांदा.
त्याचं गाव वर, पहाडात. तेही रिकामं.
तिथं कुणी नोटीस काढली नाही, म्हणाला,
बस सुरू झाली, एवढंच.

कौलं नाहीत. माजघरात रातांब्याचं झाड.
भिंतीत जिथं गोळी लागली तिथं
चिरा तेवढ्यापुरता लालभडक,
खाणीतून काढला त्या दिवशी असेल तसा.
चुलीच्या जागी कुणीतरी चहा केला होता.
आत्यानं राख बोटानं चाचपली,
कालची आहे, म्हणाली,
आणि बोट पदराला पुसलं.

मागीलदार मात्र तेच. फणसाचं.
“हे फुटत नाही,” नौटियाल म्हणाला.
“आतला शत्रू अडसर घालून बसतो.
आम्ही खिडकीतून जातो.”

आत्या घराला वळसा घालून गेली.
आम्ही आत उभे. तिची चाहूल नाही.
मग चौकटीजवळच्या चिऱ्यांच्या फटीतून
एक काटकी आत आली,
म्हाताऱ्या बोटांसारखी इकडेतिकडे शोधत,
अडसर उचलला गेला, पडला,
आणि दारात आत्या, चपला हातात.
दशावतार बघून पहाटे आलं की असंच, म्हणाली,
बाप उठायच्या आत.

नौटियालनं सवयीनं घड्याळ बघितलं.
“चार सेकंद वाचतील,” म्हणाला,
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही.

तीनला शिट्टी झाली.
होडीत आत्यानं ओटा सोडला :
नऊ रातांबे, एक पितळी पुंगळी.
रातांबे दोनदा मोजले.
पुंगळी पाण्यात टाकली नाही, ठेवूनही घेतली नाही,
होडीवाल्याच्या पोराला दिली, वाजव म्हणून.

मंगळवारी रात्री खाडीपलीकडे आवाज सुरू झाले.
वसाहतीतली भांडी फळीवर
नेहमीसारखी किणकिणली.
आत्या जागी होती,
अंधाराकडे कान देऊन
ओठांत काहीतरी मोजत.
मग म्हणाली, “शिरले,”
आणि कूस बदलून झोपली.