स्वल्पविराम

ॲस्टोरियात धुकं नदीवरून दहापर्यंत उठत नाही.
रात्रपाळी संपवून मी येते, बूट दाराबाहेर काढते,
तर ईरोचा लॅपटॉप टेबलावर उघडाच.

साडेसहाशे शब्द. कॉलेजला कळायला हवंय
हा मुलगा कोण आहे.
आणि तिसऱ्याच ओळीत मी:
आईच्या हातांना सॅमनचा वास येतो
रविवारीसुद्धा.

'सॅमनचा' खोडलं. 'कष्टाचा' लिहिलं.
बरं दिसतं. चार शिकलेली माणसं वाचणार.
फॉर्मवर पालकांचं शिक्षण विचारलं होतं
तेव्हाही माझी अकरावी
मी हळूच बारावी केली होती.
पाहिलं असणार त्यानं. बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मासा परत आपल्या जागी.
पावाला लोणी लावता लावता,
वर न बघता म्हणाला,
"कष्टाला वास नसतो, आई."
मग जरा थांबून,
"आणि अकरावी म्हणजे अकरावीच."

कॅनरीचा भोंगा वाजला. कुणाची तरी पाळी सुरू झाली.
मी म्हटलं, "'येतो'च्या पुढे
एक स्वल्पविराम हवा. तेवढा देऊ?"

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.
कळ दाबण्याआधी मी बोटं
एप्रनला पुसली, सवयीनं.