पाच सेकंद

मकरपुऱ्याला आमची लॅब. पत्र्याची शेड, एक कूलर,
आणि डांबराच्या डब्या, चिवड्याच्या डब्यांसारख्या
एकीवर एक रचलेल्या.
पादरा रस्ता, डभोई रस्ता, हालोलचा बायपास,
जिथलं तिथलं काळं, चिठ्ठी लावून आलेलं.

चाचणी साधी असते.
पंचवीस अंशांच्या पाण्यात डबी बसवायची,
सुईचं टोक नुसतं टेकवायचं, टोचायचं नाही.
शंभर ग्रॅमचा भार.
कळ दाबायची. पाच सेकंद. सोडायची.
सुई किती आत गेली ते तबकडीवर वाचायचं :
सत्तावन्न. एकसष्ट. साठ.
म्हणजे मिलिमीटरचे दहावे भाग.
बावीस वर्षं मी एवढंच वाचते आहे.

जानेवारीत नवा पोरगा आला,
रणछोड राठवा, छोटा उदेपूरकडचा.
पहिल्याच सकाळी विचारतो,
"बेन, हे घट्ट की पातळ?"
मी बर्फाच्या पेटीतून एक ढेकूळ काढलं
आणि त्याच्या हातात हातोडी दिली.
काचेसारखं फुटलं ते.
कपच्या चकाकत गेल्या टेबलाखाली.
"घट्ट," म्हणाला, आणि वहीत लिहूनही टाकलं.

उरलेला तुकडा मी एका डब्यात उभा केला,
सगळे कोपरे शाबूत,
वर एक रुपयाचं नाणं.
डबा खिडकीत. हात लावायचा नाही, म्हटलं.

तारांवरचे उत्तरायणाचे पतंग काड्या होऊन गेले.
होळी झाली.
एप्रिलात कोपरे गेले, कधी ते दिसलं नाही.
मे महिन्यात तुकडा नव्हताच,
डब्यात डब्याच्या आकाराचं काहीतरी होतं, सपाट,
आणि रुपयाची नखाएवढी कड.
रणछोड वाकून बघत राहिला.
वहीतलं 'घट्ट' खोडावं की राहू द्यावं, त्याला कळेना.
मलाही सांगता आलं नाही.
खोटं कुठे होतं ते?

दांडिया बजारातल्या दोन खोल्यांवरून
भाऊ आणि मी एका दुपारी फुटलो.
एकच घाव, पाच सेकंदही नसतील.
नंतर त्याची नोटीस, माझं उत्तर,
आणि अठरा वर्षं.

परवा त्याच्या सुनेचा फोन.
मला 'आत्या' म्हणावं की नाही, असं अडखळत
आईच्या लोणच्याचं प्रमाण विचारत होती.
मी मोहरी सांगितली, हिंग सांगितला.
मागून कुणीतरी खाकरलं, आणि म्हणालं,
"मेथ्या विचार. मेथ्या किती ते विचार."

दोन चमचे, मी म्हटलं. तेलात तळून.
करपू द्यायच्या नाहीत.
मग बराच वेळ
दोन्हीकडे कुणी फोन ठेवला नाही.

आज झाडलोट करताना रणछोड विचारतो,
"बेन, रुपिया काढी लऊं?"
राहू दे, म्हटलं.
अजून तळाला टेकला नाही.