कुठला खोकला

माझं नाव मालन. गल्लीत सगळ्या मला आशाच म्हणतात.
जानेवारीची सकाळ. निपाणीवर धुकं
आणि तंबाखूची धूळ, दोन्ही एकाच उंचीवर.
पिशवीत बोटाला लावायचं मशीन, ताप मोजायची बंदूक
आणि वरून आलेला कन्नड फॉर्म.

ज्वर? ते दोन्हीकडं सारखंच, सांगावं लागत नाही.
केम्मु? म्हणजे खोकला गं, मी म्हणते.
चंपव्वा हसते, हसता हसता खोकते.
"कुठला लिवतीस बाई?
वखारीतला हाय, चुलीतला हाय,
एक सासूकडनं आलाय.
ह्या सालचा कुठला, ते तूच हुडीक."

फॉर्मवर चौकोन दोनच.
हौदु. इल्ला.
मागल्या खेपेला मी हौदुवर खूण केली
आणि गल्लीच्या तोंडाला बांबू लागले.
सतरा दिवस पान नाही, तंबाखू नाही, मजुरी नाही.
चंपव्वानं मंगळसूत्रातले दोन मणी
सोनाराकडं तेव्हाच ठेवले. अजून तिथंच आहेत.
ती बोलत नाही त्यावर. मीही नाही.
पेनाचं टोपण काढते, परत लावते.

"तोंडाला मास्क लावा मावशी."
"फडकं बांधून बांधून म्हाताऱ्या झालो की गं वखारीत,
तवा कुणी इचारलं न्हाई."

रमजानबीच्या बोटाला मशीन लावलं
तर पडद्यावर नुसत्या दोन आडव्या रेघा.
"मेले की काय गं मी?"
मेली नाहीस. बोटं गार आहेत, आणि
विडी वळून वळून शेंडे लाकडासारखे झालेत.
चहाच्या कपाला धर हात. चोळ.
मी फुंकर घालते, मग आठवतं, फुंकर घालायची नसते.
शहाण्णव.
"पास?"
"पास."
पलीकडं तिची नात बंडलाला दोरा गुंडाळते आहे.
शाळा परत बंद. सुपाला टेकवलेल्या फोनमधून
मास्तर विचारतायत, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का.
पोरगी मान हलवते. मास्तरांना ती दिसत नाही.

कोपऱ्यावर बापू दळवी सांगत होते,
काल कोगनोळी नाक्यावरून कागलची लेक परत लावली.
बाप इकडं गेलेला, रिपोर्ट तिकडं अडकलेला.
ती तासभर पोलिसाशी मराठीत भांडली,
तो तासभर कन्नडमध्ये समजावत राहिला,
म्हणे दोघांचेही डोळे भरले होते.
तिच्या अंगावरून उसाच्या ट्रॉल्या सुटत होत्या,
फडावरची माणसं वर बसलेली, पोरंबाळं, भांडी.
त्यांना कुणी थांबवलं नाही.
कारखाना चालू आहे. उसाला रिपोर्ट लागत नाही.

दहाला कर्फ्यूची गाडी फिरायच्या आत घरी आले.
आईनं तीळ भाजले होते. घरभर वास.
वास येतोय, म्हणून मी आधी स्वतःचाच हिशेब केला.
मग सहज तिचं बोट घेतलं.

एक्क्याण्णव.

दुसरं बोट. एक्क्याण्णव.
हात चोळून, शेगडीवर धरून, नव्वद, मग परत एक्क्याण्णव.
ती म्हणते, आसंल. मला काय होतंय.
डॉक्टर फोनवर म्हणाले, "आधी किती असायचं त्यांचं?"

आधी.
छत्तीस वर्षं जर्दा चाळताना
तिच्या बोटाला कुणी काही लावलं नव्हतं,
हजेरीच्या शाईशिवाय.

"सांगा ना, आधी किती?"
मी फोन धरून उभी. आईनं माझ्या दुसऱ्या हातावर
चिमूटभर तीळ ठेवले, आणि नाक्यावरच्या पोलिसाची नक्कल करत
विचारलं, "रुची ऐतेनू?"
हसायला गेली, आणि खोकली.

मी ऐकत राहिले,
त्यातला कुठला.